गुंठे विकून डॉक्टर? आधी आयसीयूतल्या फार्मासिस्टला भेटा

नीटचा निकाल लागला की करिअरचा सल्ला मागायला मांडवा ते अलिबाग या पट्ट्यातून मला येणाऱ्या फोनांत तीन प्रश्न ठरलेले असतात. पहिला : ‘मॅडम, मार्क कमी पडलेत, पण जागेचे पैसे आलेत. बाहेर एमबीबीएसला पाठवू का?’ दुसरा : ‘अजून एक वर्ष रिपीट करू दे का?’ आणि तिसरा, जरा आवाज खाली घेऊन : ‘काहीच नाही जमलं तर डी.फार्म. करून ठेवू दे. सर्टिफिकेट कुठंतरी लावता येईल.’ तिन्हींची उत्तरं या लेखात एकत्रच देते. काहींना ती झोंबतील, त्याला इलाज नाही.

गुंठ्यांचं एमबीबीएस

२०२० साली भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो सुरू झाली. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला. मुंबईकरांचे बंगले आवास, सासवणे, किहीमला आधीपासून होतेच, आता चौकशा आणखी वाढल्या. आजोबांनी ज्या जागेत भात लावला, तिचे पैसे घरात एकदाच येतात. पैसे आले की पाठोपाठ एजंटही येतो. त्याच्या रंगीत माहितीपत्रकात परदेशातलं विद्यापीठ असतं, वसतिगृहात भारतीय जेवण असतं, ‘डोनेशन नाही’ अशी ठळक ओळ असते. एक ओळ मात्र नसते. परत येऊन इथं प्रॅक्टिस करायची तर एफएमजीई ही परीक्षा पास व्हावी लागते, ३०० पैकी १५० गुण मिळवावे लागतात, आणि बहुतेक सत्रांत बसलेल्यांपैकी निम्म्याहून कितीतरी जास्त विद्यार्थी नापास होतात. सहा वर्षं आणि वडिलोपार्जित जमीन घालवून मुलगा पुन्हा कोचिंग क्लासच्या बाकावर येऊन बसतो. तोवर एजंटने नंबर बदललेला असतो.

परदेशात शिकून उत्तम डॉक्टर झालेले आहेत, नाही असं नाही. ज्या मुलाला खरोखर डॉक्टरच व्हायचंय, जो भाषा, थंडी, एकटेपणा सगळं सोसून रोज आठ तास वाचेल, त्याने जावं. पण ‘पैसे आलेत’ हे डॉक्टर होण्याचं कारण असूच शकत नाही.

रिपीटबद्दल थोडक्यात. २०२४ साली २३ लाखांहून अधिक मुलं नीटला बसली आणि देशभरातल्या एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्याही आत होत्या. एक वर्ष रिपीट करायचं तर सराव परीक्षांचे गुण महिन्यागणिक चढतायत का ते डिसेंबरात बघा. चढत नसतील तर तिथंच थांबा, आणि दुसऱ्यांदा रिपीटचा विषय घरात काढू नका.

बाकीच्या वाटा तुम्हाला ठाऊक आहेत. बीएएमएस, बीएचएमएस, बीडीएस, फिजिओथेरपी, नर्सिंग, लॅब टेक्निशियन. प्रत्येकीचं आपलं महत्त्व आहे आणि प्रत्येकीवर माहिती ढिगाने उपलब्ध आहे. इथं त्यावर शब्द खर्च करत नाही. मला बोलायचंय ते तिसऱ्या प्रश्नाबद्दल.

‘सर्टिफिकेट लावणं’ म्हणजे काय, ते स्पष्ट बोलू

१९४८ च्या फार्मसी कायद्याचं ४२ वं कलम सांगतं की डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं. म्हणून प्रत्येक मेडिकलच्या भिंतीवर एका फार्मासिस्टचं सर्टिफिकेट टांगलेलं असतं. फोटो त्याचा, सही त्याची, आणि काउंटरवर भलताच कोणी. फार्मासिस्ट दुसऱ्याच गावात दुसरंच काम करतो आणि महिन्याला ठरलेली रक्कम घेतो. महेश झगडे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचे (एफडीए) आयुक्त असताना फार्मासिस्ट हजर नसलेल्या दुकानांवर राज्यभर कारवाया झाल्या, केमिस्टांनी विरोधात बंदही पुकारले. म्हणजे हे गुपित वगैरे काही नाही, सगळ्यांना माहीत आहे.

पालकहो, सर्टिफिकेट भाड्याने देणं हा तुम्हाला ‘साइड इन्कम’ वाटतो. उद्या त्या दुकानातून शेड्यूल एच१ चं औषध चिठ्ठीशिवाय गेलं, कुणाला चुकीची गोळी दिली गेली, तर रजिस्टरवर नाव तुमच्या मुलीचं असेल. मुलाला शिक्षण देताना पहिल्याच दिवशी त्याला खोटं वागायला शिकवू नका. ज्याला मनापासून मेडिकल टाकायचंय आणि स्वतः काउंटरवर उभं राहायचंय, त्याने डी.फार्म. जरूर करावं. गावात तो धंदा मानाचा आहे आणि चालतोही. माझा आक्षेप दुकानाला नाही, रिकाम्या खुर्चीला आहे.

याच शिक्षणातून निघणारी एक वाट मात्र कोणीच विचारत नाही. ती हॉस्पिटलच्या आयसीयूत जाते.

आयसीयूत फार्मासिस्टचं काय काम?

हा प्रश्न मला डॉक्टरांच्या घरांतूनही विचारला जातो. आपल्या डोळ्यांसमोर हॉस्पिटलचा फार्मासिस्ट म्हणजे तळमजल्यावरच्या खिडकीमागचा माणूस. नातेवाईक चिठ्ठी आत सरकवतो, पिशवी बाहेर येते, बिल होतं. ते काम लागतंच. पण आयसीयूतला क्लिनिकल फार्मासिस्ट खिडकीमागे नसतो. सकाळच्या राउंडला तो इन्टेन्सिव्हिस्ट (अतिदक्षता तज्ज्ञ), आरएमओ (निवासी डॉक्टर) आणि सिस्टरबरोबर खाटेशी उभा असतो आणि त्याच्या हातात पेशंटचा ड्रग चार्ट असतो.

एका खाटेपाशी जरा थांबून बघू. असा पेशंट आयसीयूत नेहमीचा. जुना फिट्सचा आजार, म्हणून व्हॅल्प्रोएट चालू. छातीत जंतुसंसर्ग वाढला, व्हेंटिलेटरवर गेला, डॉक्टरांनी मेरोपेनेम सुरू केलं. दोन्ही औषधं आपापल्या जागी अगदी बरोबर. पण मेरोपेनेम शरीरात गेलं की रक्तातली व्हॅल्प्रोएटची पातळी दिवसभरात कोसळते, आणि तिसऱ्या दिवशी पेशंटला पुन्हा फिट येते. सगळे मेंदूत काय बिघडलं ते शोधायला सीटी स्कॅनकडे धावतात. चार्ट वाचणारा फार्मासिस्ट पहिल्याच सकाळी सांगतो, ‘सर, मेरोपेनेम ठेवायचं असेल तर लेव्हेटिरासिटाम सुरू करूया.’ एका वाक्याचं काम. त्या एका वाक्यामागे पाचसहा वर्षांचं वाचन असतं.

आता पेशंटच्या नाकातली रायल्स ट्यूब बघा. त्याला गोळी गिळता येत नाही, म्हणून सिस्टर गोळ्या कुटून पाण्यातून सोडतात. पॅन्टोप्रॅझोलच्या गोळीवरचं आवरण कुटलं की औषध पोटातल्या आम्लात वाया जातं. चोवीस तास हळूहळू सुटावी म्हणून बनवलेली गोळी कुटली तर दिवसभराचा डोस एका दमात अंगात जातो. फेनिटॉइन ट्यूबमधून फीडबरोबर दिलं तर नीट शोषलंच जात नाही. शिरेतून द्यायचं तर ते डेक्स्ट्रोजमध्ये मिसळायचं नसतं, नळीतच साका धरतो. त्याला नॉर्मल सलाइनच लागतं. सेफ्ट्रियाक्झोन आणि कॅल्शियम एकाच नळीतून सोडायचं नाही, नवजात बाळात तर हा नियम मोडलेला चालतच नाही. आठ-दहा सिरिंज पंप चालू असलेल्या खाटेवर कुठलं औषध कुठल्या नळीतून, कशात मिसळून, किती वेगाने, हे बघणारा एक माणूस लागतो.

मग औषधांची ट्रॉली. हेपॅरिनच्या ५ मिलिलिटरच्या दोन व्हायल शेजारी ठेवा. एकीत एकूण ५,००० युनिट, दुसरीत २५,०००. आकार सारखा, घाईत लेबलही सारखंच वाटतं. पोटॅशियम क्लोराइडच्या १० मिलिलिटरच्या अँप्युलमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम असतं. सलाइनमध्ये पातळ करून हळूहळू दिलं तर ते जीव वाचवतं, सरळ शिरेत ढकललं तर हृदय थांबवतं. म्हणून ते साध्या अँप्युलांच्या शेजारी ठेवायचंच नाही, कुलपात ठेवायचं, ही शिस्त लावणं फार्मासिस्टचं काम. इन्शुलिनचं उदाहरण तर घरातलंच आहे. आपल्याकडे व्हायलमध्ये सहसा मिलिलिटरला ४० युनिट, पेनच्या कार्ट्रिजमध्ये १०० युनिट. लाल टोपीची सिरिंज ४० ची, केशरी टोपीची १०० ची. कार्ट्रिजमधलं इन्शुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये ओढलं तर पेशंटला अडीचपट डोस जातो, आणि बेशुद्ध पेशंट ‘मला घाम फुटलाय’ असं सांगू शकत नाही.

२०२१ च्या उन्हाळ्यात काळ्या बुरशीचे पेशंट वाढले आणि अँफोटेरिसिनसाठी नातेवाईक शहरभर वणवण फिरत होते, ते आठवत असेल. त्या औषधाचे प्रकार वेगवेगळे. लायपोसोमल प्रकार या आजारात वजनाच्या किलोला ५ मिलिग्रॅमच्या हिशोबाने दिला जातो, साधा प्रकार साधारण १ मिलिग्रॅमच्या. म्हणजे ६० किलोच्या माणसाला एकाचे ३०० मिलिग्रॅम, दुसऱ्याचे ६०. मिळेल ते घेऊन आलेल्या नातेवाइकाच्या पिशवीत लायपोसोमलऐवजी साधं निघालं आणि कोणी बघितलं नाही, तर पाचपट डोस. तुटवड्याच्या काळात फार्मासिस्टचं डोकं जागेवर असावं लागतं ते यासाठी.

हे माझं मत म्हणून सोडून देऊ नका. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या आयसीयूत एका वरिष्ठ फार्मासिस्टला रोजच्या राउंडमध्ये घेतलं आणि काय फरक पडतो ते मोजलं. १९९९ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात लीप आणि सहकाऱ्यांनी निष्कर्ष छापले. औषध लिहिण्याच्या टप्प्यावरच्या चुकांमुळे होणारे, टाळता येण्याजोगे दुष्परिणाम दर हजार रुग्णदिवसांमागे १०.४ वरून ३.५ वर आले, म्हणजे ६६ टक्क्यांनी घटले. फार्मासिस्टने केलेल्या ३६६ सूचनांपैकी ३६२ डॉक्टरांनी मान्य केल्या. ‘डॉक्टर ऐकतात का?’ असं विचारणाऱ्यांना हे उत्तर पुरेसं आहे. ज्याला विषय येतो त्याचं ऐकतात.

रायगडला याची गरज जास्त आहे

मांडव्याचा गंभीर पेशंट आधी अलिबागला जातो. तिथून हलवायचा तर पोयनाड, वडखळ, पेण करत पनवेल-कामोठे, किंवा रो-रोवर गाडी चढवून मुंबई. पावसाळ्यात गेटवेच्या लाँची बंद, वडखळचा ट्रॅफिक बारमाही. या प्रवासात पेशंटबरोबर एक प्लास्टिकची पिशवी फिरते. गावातल्या डॉक्टरच्या गोळ्या, अलिबागची चिठ्ठी, मागच्या वर्षीच्या ऑपरेशननंतर सुरूच राहिलेली कुठलीशी गोळी, आणि एखादी काढ्याची बाटली. नव्या हॉस्पिटलमध्ये ती पिशवी कोणी टेबलावर उपडी करून बघायची? नावं दोन, आत औषध एकच, अशी बीपीची गोळी पेशंट दुप्पट घेत असतो. रक्त पातळ करणारी गोळी नातेवाईक ‘ती हृदयाची’ म्हणून सांगतात आणि तासाभरात ऑपरेशन ठरलेलं असतं. ही पिशवी उलगडून नीट यादी करणं हे फार्मासिस्टच्या कामाचं पहिलं पान आहे. पेशंट जितक्या वेळा हलतो तितकं हे काम वाढतं, आणि आपल्या किनाऱ्यावरचे पेशंट पुन्हा पुन्हा हलतात.

आणखी एक गोष्ट रायगडकरांनी विसरू नये. विंचूदंशावरचा जगाने मान्य केलेला उपचार आपल्याच जिल्ह्यातून निघाला. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रापासून विंचू चावलेल्या पेशंटचा अभ्यास सुरू केला आणि पुढे प्रॅझोसिन ही रक्तदाबाची स्वस्त गोळी वापरली. ज्या दंशात शंभरात चाळीस जण दगावत, तिथं हे प्रमाण एकावर आलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. या उपचारातही खुबी आहे. विंचूदंशाला साधी प्रॅझोसिन लागते, हळूहळू विरघळणारी ‘एक्सएल’ नव्हे. रात्री दोन वाजता स्टोअरमध्ये एक्सएलच शिल्लक असेल तर उपचार माहीत असून उपयोग नाही. तसंच सर्पदंशावरच्या प्रतिविषाचं. त्याची कोरडी पावडर सोबतच्या पाण्यात विरघळवताना व्हायल हलकेच फिरवायची, खळखळून हलवली की फेस धरते. सुरुवातीलाच आठ-दहा व्हायल लागतात, म्हणून दोन शिल्लक असणं म्हणजे काहीच नसणं. साठा किती ठेवायचा, कुठला ठेवायचा, एक्सपायरी कधी, फ्रिज २ ते ८ अंशांत आहे का, वीज गेली तेव्हा किती वेळ गेली होती. आयसीयूतला फार्मासिस्ट खाटेपाशी जितका असतो तितकाच या नोंदींपाशी असतो. मॉर्फिन, फेंटानिलसारख्या औषधांचा एकेका अँप्युलचा हिशोब अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्याखाली त्याला ठेवावा लागतो.

वाट कशी आहे

डी.फार्म. दोन वर्षांचं, त्यानंतर ५०० तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण. प्रवेश बारावी सायन्सवर, परीक्षा महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाची (एमएसबीटीई). सरकारी दवाखान्यात औषध निर्माण अधिकारी होण्याची दारं यातून उघडतात. राउंडला उभं राहायला मात्र एवढं शिक्षण पुरत नाही. डी.फार्म. नंतर बी.फार्म.च्या थेट दुसऱ्या वर्षात जाता येतं, हे बऱ्याच पालकांना ठाऊक नसतं.

बी.फार्म. चार वर्षांचं. सीईटीमधून प्रवेश. लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाशी आणि मुंबई विद्यापीठाशी जोडलेली कॉलेजं आहेत, त्यामुळे घरापासून फार लांब जायला नको. पण बी.फार्म.चा कल कारखान्याकडे. आपल्याकडे फार्मसीचं विद्यापीठीय शिक्षण १९३२ मध्ये बनारसला महादेवलाल श्रॉफ यांनी सुरू केलं, आणि पुढे ते औषध बनवण्याच्या दिशेनेच वाढलं. गोळी कशी तयार होते हे मुलगा चार वर्षं शिकतो. ती गोळी घेणारा माणूस त्याला फारसा भेटतच नाही. म्हणून बी.फार्म. नंतर फार्मसी प्रॅक्टिसमध्ये एम.फार्म. करावं, त्यासाठी जीपॅट ही प्रवेश परीक्षा द्यावी, किंवा तीन वर्षांचं फार्म.डी. घ्यावं.

बारावीनंतरचं थेट फार्म.डी. सहा वर्षांचं. फार्मसी कौन्सिलने ते २००८ मध्ये सुरू केलं. त्यातलं शेवटचं वर्ष हॉस्पिटलमधल्या इंटर्नशिपचं, सहा महिने मेडिसिन आणि दोन-दोन महिने इतर तीन विभाग. आयसीयूसाठी सरळ वाट हीच. पण कॉलेज निवडताना इमारत आणि एसी लेक्चर हॉल बघू नका. नियमाप्रमाणे किमान ३०० खाटांचं हॉस्पिटल जोडलेलं असायला हवं. ते किती किलोमीटरवर आहे, मुलं रोज वॉर्डात जातात का, आयसीयूत त्यांना उभं करतात का, हे शेवटच्या वर्षातल्या विद्यार्थ्याला गेटबाहेर चहा पाजून विचारा. प्राचार्यांना विचारू नका.

परदेशाचं स्वप्न असेल तर एवढं ध्यानात ठेवा : अमेरिकेत फार्मासिस्ट होण्याच्या पात्रता परीक्षेला पाच वर्षांचा अभ्यासक्रम लागतो, त्यामुळे नुसत्या बी.फार्म.वर ते दार बंद आहे, फार्म.डी.वर उघडं. तिथं २०१५ पासून अतिदक्षता औषधोपचाराची स्वतंत्र प्रमाणपत्र परीक्षाही आहे.

आता कडू भाग

हे सगळं वाचून उद्याच अर्ज भरायला धावू नका. महाराष्ट्रात आयसीयूत पूर्णवेळ फार्मासिस्ट ठेवणारी हॉस्पिटलं मोजकीच आहेत. मुंबई, नवी मुंबई, पुणे इथली मोठी खासगी आणि ट्रस्टची हॉस्पिटलं, कॅन्सरची मोठी केंद्रं. यातल्या अनेकांनी हे पद निर्माण केलं ते एनएबीएचच्या मानांकनात औषध व्यवस्थापनाचं स्वतंत्र प्रकरण आहे म्हणून. सरकारी भरतीत ‘आयसीयू फार्मासिस्ट’ असं पद दिसत नाही. अलिबागला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झालंय. तिथं असं पद असावं, ही मागणी करायला कोणाची ना नाही, पण आज जाहिरात निघेल या भरवशावर प्रवेश घेऊ नका.

सुरुवातीचा पगार शेजारच्या इंजिनीअरशी तोलाल तर वाईट वाटेल. बरेच फार्म.डी. झालेले विद्यार्थी याच कारणाने औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणाऱ्या कंपन्यांत कॉम्प्युटरसमोर बसतात. तिथं पैसे बरे मिळतात, पेशंट भेटत नाही. काही हॉस्पिटलांत फार्म.डी.ला नेमतात आणि कामाला लावतात औषधांच्या मागण्या (इंडेंट) टाइप करायला. मुलाखतीतच विचारा : ‘राउंडला जायचं आहे का? डॉक्टरांना सूचना लिहून द्यायची पद्धत आहे का?’ उत्तर गुळमुळीत आलं तर समजून जा.

आणि ‘डॉ.’ लावायला मिळतं म्हणून फार्म.डी. घेणाऱ्यांनो, कृपा करून घेऊ नका. पाटीवरच्या एका अक्षरासाठी सहा वर्षं घालवणारा माणूस आयसीयूत चार दिवस टिकत नाही.

पालकांसाठी खास

माझा निम्मा वेळ मुलांवर नाही, तुमच्यावर जातो. ‘डॉक्टरच्या हाताखाली काम करणार का आमचा मुलगा?’ आयसीयूत कोणी कोणाच्या हाताखाली नसतं, सगळे पेशंटच्या उशाशी असतात. सिस्टर डॉक्टरला थांबवते, फार्मासिस्ट दोघांना थांबवतो, आणि शहाणा डॉक्टर थांबतो. ‘मुलीला नाइट ड्युटी नको.’ मग एमबीबीएसला कुठल्या तोंडाने पाठवत होतात? तिथं काय दिवसाचीच ड्युटी असते? ‘लग्नाच्या बाजारात सांगायचं काय?’ सांगा की आमची मुलगी आयसीयूत औषधं बघते. ज्या घराला एवढं कळत नाही त्या घरात ती न गेलेलीच बरी.

तुमची मुलं घाबरून हो म्हणतात, हे मी रोज बघते. पालक बाहेर बसले की मुलगा सांगतो, ‘मॅडम, मला रक्त बघवत नाही, पण पप्पांनी जागा विकलीय.’ विकलेल्या जागेचं ओझं सतरा वर्षांच्या पोराच्या पाठीवर देऊ नका. जागेचा निर्णय तुमचा होता, त्याचा हिशोबही तुमचाच.

कोणाला जमेल?

ज्याला रसायनशास्त्र कंटाळवाणं वाटत नाही. जो किलो, मिलिग्रॅम, मिलिलिटर, ठिबकांचा वेग असे हिशोब डोक्यात करतो आणि तरी कागदावर पुन्हा तपासतो. जो हट्टाने पण नम्रपणे ‘सर, एकदा बघाल का?’ म्हणू शकतो, आणि सरांनी एकदा झिडकारलं तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणतो. ज्याला आपलं नाव कोणी घेतलं नाही तरी चालतं. चूक टळली की ती कुणाला दिसत नाही. पेशंट घरी जाताना डॉक्टरांच्या पाया पडतो, फार्मासिस्ट कोण होता हे त्याला माहीतही नसतं. टाळ्या हव्या असतील तर दुसरं क्षेत्र निवडा.

परीक्षा घरीच घेऊन बघा. आजीच्या सगळ्या गोळ्या टेबलावर मांडा. प्रत्येकीतलं मूळ औषध, कशासाठी, किती मिलिग्रॅम, रिकाम्या पोटी की जेवणानंतर, हे मुलाला पाकिटावरून आणि पुस्तकातून शोधून लिहू द्या. कुठलीही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायची नाही, फक्त यादी करायची. दोन तासांनी तो कंटाळून मोबाइल उघडतो की ‘आजी, ही गोळी तू दोनदा का घेतेस?’ असं विचारतो, ते बघा.

विचारलं, तर त्याला फार्मसीला पाठवा आणि शेवटपर्यंत शिकवा. मोबाइल उघडला, तर त्याला जे आवडतं ते शोधा, सर्टिफिकेट लावण्यासाठी प्रवेश घेऊ नका. दोन्ही बाबतींत सातबारा कपाटात बंद ठेवा आणि सही करण्याआधी मुलाला एकट्याने बोलू द्या.